आजीच्या पोटातलं नातवंड

पनवेलच्या वडाळे तलावावर संध्याकाळी चक्कर मारा. आईबाबा अजून लोकलमध्ये उभे असतात आणि इथे आज्या नातवंडांना भरवत असतात. बोटांनी मऊ कालवलेला वरणभात. ‘तो बघ बगळा!’ म्हटलं की तोंडाचा आ होतो, तेवढ्यात घास आत. बगळा उडून गेला तर आजी कावळा दाखवते.

ही आजी आईची आई असेल, तर या पोराचं बीज तिने फार पूर्वीच पोटात वागवलंय. मुलीची स्त्रीबीजं ती जन्मण्याआधीच तयार होतात. गर्भाच्या पाचव्या महिन्याच्या सुमारास ती साठ-सत्तर लाखांच्या घरात असतात. म्हणजे लेक पोटात असतानाच, लेकीच्या इवल्याशा बीजकोशात, पुढे नातवंड होणारं ते एक बीजही होतं. तीन पिढ्या एकाच पोटात! हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून नुसता बसून राहिलो होतो.

मुळात आजी हेच एक नवल. बहुतेक सस्तन प्राण्यांत पिल्लं होण्याचं वय सरल्यावर मादी फार जगत नाही. माणूस आणि ओर्कासारखे काही देवमासे हे मोजक्या अपवादांतले. मग बाईला ही पुढची वर्षं मिळाली कशासाठी? क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना टांझानियातल्या हाडझा लोकांत याचा एक धागा सापडला. आई तान्ह्या बाळात गुंतली की मोठ्या मुलांचं अंग धरणं आजीने रानातून खणून आणलेल्या कंदांवर अवलंबून असे. माणसाचं दीर्घायुष्य आज्यांच्या या राबण्यातून आलं, असं त्यांचं म्हणणं. त्यावर वाद आहेत, पण मला ते मनापासून पटतं.

अमेरिकेत जेम्स रिलिंग यांच्या गटाने २०२१ मध्ये ५० आज्यांच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. नातवंडाचा फोटो पाहताना दुसऱ्याची भावना स्वतः अनुभवण्याशी जोडलेले भाग अधिक जागे झाले. पोटच्या मुलाचा फोटो पाहताना त्याचं मन समजून घेण्याशी जोडलेले. दुधापेक्षा साय प्यारी असं आपण म्हणतो, त्याची खूण मेंदूतही उमटते तर!

आणि आजोबा? नातवाला ते स्वतःपलीकडचा काळ देतात. आईबापांची आठवण पोराला वीस-पंचवीस वर्षं मागे नेते, आजोबांची पन्नास-साठ. गोवा महामार्गावरून दिसणाऱ्या कर्नाळ्याच्या सुळक्याकडे पाहताना मला हे हटकून आठवतं. अनंतराव फडके या किल्ल्याचे किल्लेदार होते. १८१८ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला. त्यानंतर २७ वर्षांनी पनवेलजवळच्या शिरढोणला त्यांचा नातू जन्मला, वासुदेव. ज्या घराने किल्ला गमावला, त्याच घरातल्या या नातवाने १८७९ मध्ये रामोशी, कोळी, भिल्लांना सोबत घेऊन इंग्रज सरकारविरुद्ध बंड पुकारलं.