उमेदवारीचे दिवस

गेल्या दिवाळीत फराळाला आलेल्या प्रत्येक पाहुण्याने चकली मोडण्याआधी एकच प्रश्न विचारला, "चिरंजीव सध्या काय करतात?" मी सांगे, "आयटीआय झालं. आता भोसरीला एका कारखान्यात उमेदवारी करतोय." मग क्षणभर शांतता पसरे. एखादे सद्गृहस्थ "वा, छान!" म्हणत, पण आजाऱ्याला "होईल हं बरं" म्हणावे, त्या सुरात. आमच्या आत्याबाईंना असली सुरांची भानगड जमत नाही. त्या सरळ म्हणाल्या, "प्राध्यापकाच्या घरात हा पाना कुठून रे आला?"

वाचकहो, त्या पान्याची हकीकत सांगण्यासारखी आहे. कोणी सांगावे, उद्या तो तुमच्याही घरी यायचा!

गेली वीस वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. बी. ए. झालेली मुले शिफारसपत्र मागायला येतात. मी ते सुंदर भाषेत लिहून देतो. पण त्या सुंदर भाषेने कोणाची चूल पेटल्याचे फारसे ऐकिवात नाही. याउलट, आमच्या सोसायटीचा पंप बिघडला की वायरमनची मनधरणी करावी लागते आणि तो "गुरुवारी बघतो" म्हणतो. हे सारे रोज डोळ्यांपुढे असूनही, 2022 साली दहावी पास झालेला मुलगा "मी आयटीआयला जातो" म्हणाला, तेव्हा माझ्या तोंडून निघाले, "आधी बारावी तर हो!" त्या वेळी सौभाग्यवती म्हणाल्या, "त्याला पुस्तकापेक्षा घड्याळ उघडायला जास्त आवडतं, हे सोळा वर्षांत तुम्हाला कळलं नाही का?" मी निरुत्तर झालो आणि प्रवेशाचा अर्ज भरला.

देशातल्या या कारागीर प्रशिक्षणाची योजना 1950 सालची. मशिनिस्टचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. चिरंजीवांनी तो मनापासून केला. हाताला घट्टे पडले, कपड्यांना तेलाचा वास येऊ लागला आणि जेवताना मायक्रोमीटरच्या गोष्टी सुरू झाल्या. 2024 साली प्रमाणपत्र मिळाले. आता नोकरी काय, चालत येईल, असे आम्हा सर्वांना वाटले.

पहिल्याच कारखान्यात साहेबांनी विचारले, "सीएनसीवर काम केलंय?" संगणकाच्या आज्ञेने चालणारे हे यंत्र संस्थेत एक होते, पण गाभाऱ्यातल्या मूर्तीसारखे. त्याचे दर्शन लांबूनच घ्यायचे. मुलांचे बहुतेक तास जुन्या लेथवर आणि मिलिंग यंत्रावर गेलेले. मुलगा खरे तेच बोलला आणि परत आला. त्या रात्री तो जेवला नाही. त्या बंद दाराकडे बघत मी विचार करीत बसलो, की या पोराचे चुकले तरी काय? शिकवले ते तो शिकला. शिक्षकांनी अभ्यासक्रमात होते ते शिकवले. कारखानदाराने त्याला लागते ते विचारले. तिघेही आपापल्या जागी बरोबर, आणि तरी माझा मुलगा उपाशी झोपलेला!

खरी गोम अशी आहे, की कारखाना नवे यंत्र घेतो तो ऑर्डर आली म्हणजे. संस्था घेते ती अनुदान मंजूर झाले म्हणजे. यंत्राची किंमत काही लाखांच्या घरात. एकाची घाई आणि दुसऱ्याची फाईल यांची गाठ पडायची कशी?

आपल्या जुन्या गावगाड्यात ही गाठ जन्मतःच बांधलेली असे. गावाला जेवढे सुतार-लोहार लागत तेवढी घरे, आणि बापाचा भाता तोच पोराची शाळा. शिक्षण आणि गरज यांचा मेळ चोख. पण त्याची किंमत भयंकर होती. लोहाराच्या पोराला अक्षर वर्ज्य आणि भटाच्या पोराला हातोडा! तो मेळ पुन्हा नको. मेळ हवा, पण मुलाच्या आवडीला विचारून.

असा मेळ घालण्याचा एक मोठा प्रयत्न जर्मनीत चालू आहे. 1969 साली तिथे त्याचा कायदा झाला. उमेदवार आठवड्याचे तीन-चार दिवस कारखान्यात काम शिकतो आणि एक-दोन दिवस शाळेत जातो. कारखानदार त्याच्याशी करार करतो, त्याला वेतन देतो. कोणत्या धंद्यात काय शिकवायचे हे ठरवायला सरकारबरोबर कारखानदार आणि कामगार संघटनाही बसतात. परीक्षा घेते ती व्यापाऱ्यांची आणि कारागिरांची मंडळे. यातली मेख अशी, की जेवढे मालक करार करतील तेवढ्याच जागा. म्हणजे बाजाराची गरज आपोआप शाळेपर्यंत पोचते. दोषही आहेत. मंदी आली की मालक हात आखडतात आणि मुले दाराबाहेर राहतात. पण तिथला मालक "आयता कारागीर द्या" म्हणत नाही. कारागीर घडवणे हा धंद्याचाच भाग समजतो.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. उमेदवारीचा कायदा 1961 सालीच झाला. आज तीस किंवा अधिक माणसे कामावर असतील, तर त्यांच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेणे बंधनकारक आहे. 2016 पासून आयटीआय आणि कारखाना यांनी मिळून शिकवण्याची योजनाही आहे. पण कायदा उमेदवाराला दारापर्यंत नेतो. आत त्याला शिकवायचे, की त्याच्या हाती झाडू द्यायचा, हे मालकाच्या मनावर. उमेदवार म्हणजे स्वस्तातला हमाल असे मानणारे मालक आहेत, आणि हजेरीचा कागद भरला की समाधान पावणाऱ्या संस्थाही आहेत.

आमच्या नशिबाने मालक भला निघाला. स्वतः खाली बसून काम शिकलेला गृहस्थ. पहिला महिनाभर मुलाने धातूचा किस गोळा केला आणि कडा घासल्या. मग त्याला सीएनसीसमोर उभे केले. तिसऱ्या आठवड्यात त्याने एक महागडा जॉब बिघडवला. तो घाबरून उभा होता. मालक म्हणाले, "ओरडायचं मी नंतर बघतो. कितीने गेला ते आधी मोज." मुलाने मायक्रोमीटरने मोजून नेमका आकडा सांगितला. त्यांनी स्वतः पुन्हा मोजले. तोच आकडा! "मापाला हात चांगला आहे तुझा. कुठे शिकलास?"

"आयटीआयमध्ये," मुलगा म्हणाला.

घरी येऊन त्याने हे सांगितले, तेव्हा माझ्या मनातली अढी सुटली. संस्थेने प्रत्येक नव्या यंत्रामागे धावू नये; तिला ते झेपणारही नाही. जे जुने होत नाही ते तिने पक्के करावे: माप, नकाशा वाचणे, धातूची ओळख, कामाची शिस्त. रोज बदलते ते कारखान्याने शिकवावे. अर्धे एकाने, अर्धे दुसऱ्याने. पण दोघांनी एकमेकांना विचारून. आणि तिसरे काम तुमचे-माझे. मुलगा पाना हाती घेऊन आला, तर दाराशी नाक मुरडू नये.

मराठीचा मास्तर आहे, म्हणून एक शब्द सांगून रजा घेतो. 'उमेदवार' हा शब्द आता निवडणुकीने पळवला. पण त्याच्या पोटात फारसीतली 'उमेद', म्हणजे आशा आहे. शिकणाऱ्याला आपल्या भाषेने 'आशा धरून असलेला' म्हटले. ती आशा मोडू न देणे, एवढेच आपल्या हाती.

वर्षाची उमेदवारी संपली आणि मुलगा त्याच कारखान्यात कायम झाला. यंदा खंडेनवमीला मी माझी पुस्तके पाटावर मांडली. आत्याबाई नेमक्या घरी होत्या. सौभाग्यवतींच्या हातातले हळदकुंकू थांबवून त्या म्हणाल्या, "थांब गं. पोराचा पाना कुठाय? तो आधी ठेव."