रग्बीतील स्थाननामे : एक अर्थविचार

पंधरा खेळाडूंच्या रग्बी युनियन ह्या खेळात प्रत्येक जागेस स्वतंत्र नाव आहे. ही नामे एका सूत्राने बनलेली नाहीत; आणि नामांतील हा भेद जागांच्या स्वरूपातील भेदाशी बराच जुळतो.

पिछाडीच्या सात जणांची नामे मुख्यतः अंतरवाचक आहेत. 'हाफ', 'थ्री-क्वार्टर' आणि 'फुल' हे शब्द आघाडीच्या किती मागे उभे राहावयाचे ते अपूर्णांकांनी सांगतात. न्यूझीलंडमध्ये हाफ व थ्री-क्वार्टर ह्यांच्या दरम्यान आणखी एक जागा निर्माण झाली, तेव्हा तिला 'फाइव्ह-एट्थ', म्हणजे पाच-अष्टमांश, हे नाव मिळाले. चार-अष्टमांश आणि सहा-अष्टमांश ह्यांच्या मधले स्थान म्हणून हिशेब चोख आहे. त्याच खेळाडूस ब्रिटनमध्ये 'फ्लाय-हाफ' म्हणतात; तेथे हा हिशेब सुटला.

आघाडीच्या आठांची गोष्ट निराळी. दोन्ही संघांची आघाडी खांद्याला खांदा भिडवून रेटा देते ती रचना म्हणजे स्क्रम. तिच्या पहिल्या ओळीतील 'प्रॉप' हा शब्दशः टेकू होय; मधला 'हूकर' पायाचा आकडा करून चेंडू मागे ओढतो; दुसऱ्या ओळीतील 'लॉक' रचना जखडून ठेवतात. येथे नाव स्थानाचे नसून कार्याचे आहे. ('फ्लँकर' व 'नंबर एट' हे अपवाद, पैकी दुसरे तर केवळ अंकच.) डाव्या प्रॉपचे डोके एका बाजूने मोकळे राहते, म्हणून तो 'लूज-हेड', उजव्याचे दोन प्रतिस्पर्ध्यांच्या मध्ये अडकते, म्हणून तो 'टाइट-हेड'. प्रेक्षकास एकसारख्या भासणाऱ्या ह्या दोन जागांत मानेवर व पाठीवर येणारा ताण सारखा नसतो.

१९९५ पर्यंत रग्बी युनियन अधिकृतपणे हौशी होते, आणि आजही बहुसंख्य खेळाडू हौशीच आहेत. हौशी संघात सामन्याच्या दिवशी माणसे कमी पडणे नित्याचे. विंगवरचा खेळाडू सेंटरला उभा केला, तर फार झाले तर एखादा गुण जाईल. अंतर बदलले, इतकेच. परंतु अननुभवी माणसास पहिल्या ओळीत घालणे म्हणजे त्याची मान धोक्यात घालणे होय. स्क्रम कोसळल्यास मणक्यास गंभीर इजा होऊ शकते. म्हणूनच नियमांनी पहिल्या ओळीसाठी प्रशिक्षित खेळाडूंची अट घातली आहे; अन्य जागांना ती नाही. असे खेळाडू पुरेसे नसतील, तर पंच रेटा न देता स्क्रम घ्यावयास लावतात, आणि चेंडू ज्याने आत टाकला त्याच संघास तो मिळतो.