नारू गेला, हत्तीरोग का राहिला?

उन्हाळा सरत आलेला, पेरणीची घाई, आणि नेमका याच दिवसांत घोट्याजवळ एक फोड उठायचा. आधी खाज सुटायची, मग सहन होणार नाही अशी आग. पाण्यात पाय घातला की बरं वाटायचं, म्हणून माणूस विहिरीच्या पायरीवर जाऊन बसायचा. तिथं फोड फुटायचा आणि आतून शिजलेल्या शेवईएवढ्या जाडीचा, पांढरा, जिवंत जंत डोकं बाहेर काढायचा.

मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना तो नावानिशी ठाऊक आहे. नारू. तो अंगातून बाहेर काढायचा एकच रस्ता होता. बाहेर आलेलं टोक एका काडीला गुंडाळायचं आणि रोज थोडं थोडं, दोन-चार सेंटिमीटर, ओढून घ्यायचं. मादी जंताची लांबी ६० सेंटिमीटरपासून मीटरभर, त्यामुळे हे काम कित्येक आठवडे चालायचं. घाई केली आणि जंत तुटला की आत उरलेला भाग सडायचा, पाय सुजायचा, पू व्हायचा, कधी गुडघा किंवा घोटा कायमचा आखडायचा. नारूनं माणूस क्वचितच दगावायचा. पण ऐन हंगामात घरातला कर्ता माणूस खाटेवर पडून राहिला की वर्षाचं पीक हातचं जायचं.

या जंताविरुद्ध लढणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांवर २०१० मध्ये एक पूर्ण लांबीचा माहितीपट निघाला, ‘फाउल वॉटर, फायरी सर्पंट’. गॅरी स्ट्रायकर यांनी तो घाना आणि दक्षिण सुदानमध्ये चित्रित केला. गावोगाव पायपीट करणारे, घरोघर पाणी गाळायचं कापड वाटणारे, जखम धुऊन पट्टी बांधणारे कर्मचारी हेच त्याचे नायक. हा माहितीपट आफ्रिकेचा आहे, पण त्यातली बरीचशी गोष्ट आपल्याकडे आधीच घडून गेली होती. तिचा माहितीपट मात्र कुणी केला नाही, आणि म्हणून लातूर-नांदेडच्या आजच्या तरुण पिढीला ती जवळजवळ माहीतच नाही.

नारूचा प्रवास समजला की त्याचा पाडाव कसा झाला तेही समजतं. फोड पाण्यात फुटला की मादी लाखो अळ्या पाण्यात सोडते. या अळ्यांना सायक्लॉप्स नावाचे एक-दोन मिलिमीटरचे जलजीव खातात. त्यांच्या पोटात साधारण दोन आठवड्यांत अळी पुढच्या अवस्थेत जाते. माणूस ते पाणी न गाळता प्यायला की जठरातल्या आम्लानं सायक्लॉप्स मरतो, अळी मात्र सुटते, आतड्याची भिंत भेदून शरीरात शिरते आणि तिथं वाढते. नर-मादीचा संयोग झाला की नर मरून जातो. मादी वर्षभर आत वाढत राहते, काहीही लक्षण न दाखवता, आणि मग पायाकडे सरकते. म्हणजे यंदाच्या उन्हाळ्यात प्यालेल्या पाण्याचं फळ पुढच्या उन्हाळ्यात पायातून बाहेर पडायचं. पाणी आणि जंत यांचा संबंध गावकऱ्यांना पटत नसे, तो यामुळेच. एवढ्या काळानं कोण कशाचा संबंध कशाशी जोडणार? कुणाला ती देवीची अवकृपा वाटे, कुणाला करणी. सायक्लॉप्सची भूमिका रशियन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्सी फेडचेन्को यांनी १८७० च्या सुमारास मध्य आशियात उलगडली, तोवर वैद्यकालाही ती ठाऊक नव्हती.

या संशोधनातलं एक पान आपल्या परिसरातलं आहे. बार्शी लाइट रेल्वे ही अरुंद मार्गाची गाडी १९११ मध्ये लातूरपर्यंत पोचली. याच रेल्वेच्या वैद्यकीय सेवेत पुढे क्नूट लिंडबर्ग हे स्वीडिश डॉक्टर होते. कुर्डुवाडीला राहून रेल्वेच्या माणसांवर उपचार करता करता त्यांनी परिसरातल्या विहिरींतले सायक्लॉप्स गोळा केले, त्यांच्या जाती ओळखल्या आणि दख्खनच्या खेड्यांतल्या नारूचा अभ्यास केला. पुढे या जलजीवांचे तज्ज्ञ म्हणून ते जगभर ओळखले गेले. रेल्वेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं विहिरीच्या पाण्यात सूक्ष्मदर्शक घालून बसावं, हे आजही अप्रूप वाटावं असं आहे.

नारूला जगायला दोन गोष्टी एकाच ठिकाणी लागतात. बाधित माणसाचा पाय पाण्यात जायला हवा आणि तेच पाणी दुसऱ्याच्या पोटात जायला हवं. वाहत्या नदीत हे जुळत नाही, खोल आडातून दोरानं पाणी शेंदलं तरी जुळत नाही. पायऱ्यांच्या विहिरीत मात्र ते हमखास जुळतं. मराठवाड्याच्या काळ्या पाषाणात बांधलेल्या बारवा देखण्या आहेत, त्यांचं जतन व्हायलाच हवं. पण पिण्याच्या पाण्यासाठी ती रचना घातक होती. बाई घागर घेऊन खाली उतरे, शेवटच्या पायरीवर घोटाभर पाण्यात उभी राही, घागर बुडवून भरून घेई. एप्रिल-मे मध्ये पाणी तळाला गेलं की सायक्लॉप्सची दाटी वाढे आणि नेमक्या त्याच वेळी नारू फुटण्याचा हंगाम असे.

१९८३-८४ मध्ये भारतानं राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम सुरू केला. तेव्हा लातूर जिल्हा होऊन जेमतेम वर्ष-दीड वर्ष झालं होतं. दिल्लीच्या राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्थेनं या कार्यक्रमाची धुरा घेतली. सुरुवातीच्या शोधात देशभरात सुमारे ४० हजार रुग्ण आढळले, ७ राज्यांतल्या ८९ जिल्ह्यांत, १२,८४० गावांत. त्या सात राज्यांत महाराष्ट्र होता.

हाताशी काय होतं? देवीच्या रोगाला लस होती. नारूला लस नव्हती, जंत मारणारं औषध नव्हतं, आणि एकदा होऊन गेला की पुन्हा होणार नाही अशी प्रतिकारशक्तीही शरीरात तयार होत नव्हती. होती ती फक्त माणसं. आरोग्य सेवक घरोघर जाऊन विचारायचे, नारू कुणाला झालाय का. सापडला की जखम बांधायची, त्या माणसाला पिण्याच्या पाण्यात उतरू नको म्हणून विनवायचं, घरच्यांना दुहेरी कापडातून पाणी गाळायला शिकवायचं. विहिरीत टेमिफॉस नावाचं रसायन मोजून टाकायचं, दहा लाख भाग पाण्याला एक भाग, म्हणजे सायक्लॉप्स मरतो आणि पाणी पिण्यायोग्य राहतं. विहिरीच्या पायऱ्या बंद करून कठडा बांधायचा आणि रहाट बसवायचा. वर्षातून अनेकदा, त्याच गावात, त्याच घरात परत जायचं. कापडानं पाणी गाळणं ही काही मोठी विज्ञानकथा वाटत नाही, पण सायक्लॉप्स कापडाच्या विणीतून पार होत नाही, या एका वस्तुस्थितीवर अख्खा कार्यक्रम उभा होता.

दुसरा मोठा हातभार हापशाचा. १९७२ च्या दुष्काळात पाण्यासाठी झालेले हाल मराठवाडा विसरलेला नाही. कठीण पाषाणात बोअर घेऊन त्यावर टिकेल असा हातपंप बसवणं ही त्या काळची मोठी तांत्रिक अडचण होती. ओतीव लोखंडाचे जुने पंप गावाच्या वापराखाली काही महिन्यांत मोडायचे. जालन्यातल्या मिशनच्या कामातून एक मजबूत पंप तयार झाला, नंतर सोलापुरात त्याची सुधारित आवृत्ती आली, आणि त्याच सोलापूर पंपावरून युनिसेफच्या मदतीनं ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप घडला. पुढे तो आशिया-आफ्रिकेतल्या असंख्य गावांत पोचला. बंद बोअरच्या पाण्यात पाय घालताच येत नाही. ज्या गावात हापसा चालू राहिला, तिथं नारूची साखळी आपोआप तुटली. जगाला नारूमुक्त करणाऱ्या साधनांत जालना-सोलापूरच्या कारागिरांचा वाटा आहे, ही गोष्ट आपल्या शाळांत शिकवायला हवी.

देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानच्या जोधपूर जिल्ह्यात सापडला. त्यानंतरही शोध थांबला नाही. नारूची बातमी देणाऱ्याला बक्षीस जाहीर झालं, आलेल्या प्रत्येक बातमीची जागेवर जाऊन खातरजमा झाली. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणित केलं.

या यशाची खरी कसोटी पुढे लागली. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. टंचाईत माणसं मिळेल त्या विहिरीचं, मिळेल त्या टँकरचं पाणी पितात. सायक्लॉप्स तर आजही आपल्या पाणवठ्यांत आहेत. तरीही नारू परतला नाही, कारण आपल्या पाणवठ्यांत अळ्या सोडणारा बाधित माणूसच उरला नव्हता. आटोक्यात ठेवलेला आजार दुष्काळात, दंगलीत, दुर्लक्षात पुन्हा डोकं काढतो. मुळासकट उपटलेला आजार काढत नाही.

जगात १९८६ च्या सुमारास नारूचे अंदाजे ३५ लाख रुग्ण होते. २०२४ मध्ये ते १५ वर आले, नऊ चाडमध्ये आणि सहा दक्षिण सुदानमध्ये. पण तिथं कुत्र्यांना नारूची लागण होऊ लागल्यानं शेवटची मजल लांबली आहे. कार्टर सेंटरच्या माध्यमातून या कामामागे उभे राहिलेले अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांची शेवटचा नारू आपल्या आधी संपावा अशी इच्छा होती. डिसेंबर २०२४ मध्ये ते गेले, ती अपुरी राहिली.

आता आपल्या दाराशी येऊ. नारूसारखाच जंतांचा एक आजार नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत आजही आरोग्य खात्याच्या यादीत आहे. हत्तीरोग. महाराष्ट्रातल्या १८ हत्तीरोगप्रवण जिल्ह्यांत मराठवाड्यातले तीन आहेत, नांदेड, लातूर आणि धाराशिव. याचे जंत लसीकावाहिन्यांत घर करतात आणि सरासरी सहा ते आठ वर्षं जगतात. त्यांची पिल्लं, म्हणजे मायक्रोफायलेरिया, रात्री रक्तात फिरू लागतात, कारण त्यांना पसरवणारा क्युलेक्स डास रात्री चावतो. हा डास गटारांत, तुंबलेल्या नाल्यांत, शौचालयाच्या टाक्यांत वाढतो. एखाद्या डासाच्या चाव्यानं रोग होत नाही, महिनोन्महिने बाधित डास चावत राहावे लागतात. पाय सुजायला किंवा अंडवृद्धी व्हायला पुढे कित्येक वर्षं जातात, आणि तोवर तो माणूस धडधाकट दिसत असताना इतरांना रोग देत राहतो.

म्हणून हत्तीरोगाचा शोध रात्री घ्यावा लागतो. साडेआठनंतर, जेवणं उरकून माणसं अंगणात येऊन बसलेली असतात तेव्हा, पथकातला कर्मचारी विजेरी, स्पिरिट, कापूस आणि काचपट्ट्या घेऊन गल्लीत येतो. बोटाला सुई टोचून रक्ताचे थेंब काचपट्टीवर जाडसर पसरतो, नाव-वय लिहून घेतो आणि पुढच्या दाराकडे वळतो. दिवसभराच्या कामानं दमलेल्या माणसाला ‘काही होत नाही मला, रक्त कशाला?’ असं वाटणं स्वाभाविक आहे. तरी मध्यरात्रीपर्यंत त्याचं मन वळवत हे काम चालतं. दुसऱ्या दिवशी रंगवलेल्या काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली तो नागमोडी आकाराचा जंतू दिसतो, आवरणात गुंडाळलेला, आणि काल अंगणात हसत बोलणाऱ्या माणसाच्या रक्तातला.

इथं नारूपेक्षा मोठी सोय आहे, औषध आहे. डीईसी आणि अल्बेंडाझोल, काही जिल्ह्यांत जोडीला आयव्हरमेक्टिन. रक्तातली पिल्लं या गोळ्यांनी मरतात. मोठे जंत मात्र तग धरतात, म्हणून सर्वांनी, निरोगी वाटणाऱ्यांनीही, वर्षातून एकदा, सलग काही वर्षं गोळ्या घ्यायच्या असतात. एकूण लोकसंख्येच्या किमान ६५ टक्के लोकांनी त्या प्रत्यक्ष गिळल्या तरच साखळी तुटते. यानंतर सहा-सात वर्षांच्या मुलांची तपासणी होते, त्यांच्यात लागण नसेल तर गोळ्या थांबतात. भारतानं हत्तीरोग दुरीकरणासाठी २०२७ हे वर्ष ठरवलं आहे.

अडतं कुठं, हे कुठल्याही आशाताईला विचारा. ‘गोळ्या ठेवून जा, नंतर घेतो’ हे वाक्य तिला दारोदार ऐकू येतं. ठेवलेल्या गोळ्या फळीवर पडून राहतात आणि कागदावर घर पूर्ण झालेलं दिसतं. म्हणून आता गोळ्या कर्मचाऱ्यासमोरच गिळायला सांगतात. काहींना नंतर ताप येतो, डोकं दुखतं, गरगरतं. बातमी गावात पसरते आणि पुढची गल्ली दारं लावून घेते. वास्तविक हा त्रास बहुधा त्यांनाच होतो ज्यांच्या रक्तात जंतू असतात, जंतू मरत असल्याची ती खूण असते आणि दिवस-दोन दिवसांत ती ओसरते. हे सांगायला त्या आशाताईकडे वेळ नसतो आणि ऐकायला आपल्याकडे धीर नसतो. औषध नसताना गावोगावी फिरलेल्या माणसांनी नारू संपवला, औषध असूनही हत्तीरोग राहिला, तो औषध न पोचल्यामुळे कमी आणि आपण ते न घेतल्यामुळे जास्त, असंच म्हणावं लागतं.

ज्यांचा पाय आधीच सुजला आहे त्यांच्यासाठीही काही करता येतं. रोज साबण-पाण्यानं पाय धुवून बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवल्या, जखमांवर मलम लावलं, पाय उंचावर ठेवून व्यायाम केला तर वारंवार येणारा ताप आणि सूज आटोक्यात राहते. अंडवृद्धीवर छोटी शस्त्रक्रिया आहे आणि ती सरकारी रुग्णालयात मोफत होते. लाजेपायी वर्षानुवर्षं लपवून ठेवू नका.

तुमच्या गावात मोहीम कोणत्या टप्प्यावर आहे, हे जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात कळतं. आशाताई दाराशी आली तर आधी पोटभर जेवून घ्या, उपाशीपोटी गोळी नको. गरोदर माता, दोन वर्षांखालची मुलं आणि गंभीर आजारी माणसं सोडून घरातल्या प्रत्येकानं तिच्यासमोरच गोळ्या गिळा. रात्री काचपट्टी घेऊन कुणी आलं तर बोट पुढे करा. आणि शौचालयाच्या टाकीच्या पाइपाला या आठवड्यातच जाळी बसवून घ्या.