मावळचा पाऊस आणि दूरचे सागरी प्रवाह

जूनमध्ये बोरघाटावर ढग चढू लागले की मावळातील शेतकऱ्यांची भातखाचरांत लगबग सुरू होते. हे ढग आणणारा वारा अरबी समुद्रावर जन्मत नाही; त्याचा प्रवास विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुरू होतो.

पृथ्वीच्या परिवलनामुळे विषुववृत्तावरील भूपृष्ठ ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे फिरते. लोणावळ्याच्या अक्षांशावर हा वेग सुमारे १,५८० किलोमीटर भरतो. साहजिकच उत्तरेकडे निघालेला वारा खालच्या भूमीच्या पुढे पूर्वेस सरकतो, म्हणजे आपल्या उजवीकडे वळतो. दक्षिण गोलार्धात आग्नेयेकडून वाहणारा वारा आपल्याकडे नैर्ऋत्येकडून येतो, तो यामुळेच. पूर्व आफ्रिकेतील उंच प्रदेश त्याला पश्चिमेकडे निसटू देत नाही.

वाऱ्याबरोबर समुद्रही हलतो. अटलांटिक व पॅसिफिक महासागर उत्तरेस दूरवर पसरले आहेत. तेथील गल्फ स्ट्रीम, कुरोशिवो हे प्रवाह वर्षभर एकाच दिशेने वाहतात. हिंदी महासागराची वाट मात्र आशिया खंडाने कर्कवृत्ताच्या आसपासच अडविली आहे. हा भूखंड उन्हाळ्यात तापतो, हिवाळ्यात निवतो. त्यानुसार वारे उलटतात आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतचा सोमाली प्रवाहही उलटतो. पावसाळ्यात तो उत्तरेकडे धावतो. ऐन जुलैत त्याचा वेग ताशी ७ किलोमीटरांवर जातो. समुद्राच्या पाण्याला हा वेग थोडा नव्हे! याच काळात पृष्ठभागावरील पाणी वाऱ्याच्या उजवीकडे, किनाऱ्यापासून दूर लोटले जाते व खालचे थंड पाणी वर येते. हे थंड पाणी कमी प्रमाणात वर आले, तर समुद्र उबदार राहून बाष्प वाढते आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील पाऊस वाढण्याकडे कल असतो, असे अलीकडील संशोधनात आढळले आहे.

सह्याद्री हे बाष्प अडवून वर चढवितो. लोणावळ्यास वर्षाला ४,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेस तळेगावकडे तो झपाट्याने घटतो. लोणावळा परिसरातील तलावांचे पाणी घाटाखाली उतरवून खोपोली येथे १९१५ पासून वीज निर्माण केली जात आहे. दूरच्या समुद्रातील घडामोडी अशा रीतीने खाचरापर्यंत आणि विजेच्या दिव्यापर्यंत येऊन पोहोचतात.

वाऱ्यांची ही उलटापालट प्राचीन दर्यावर्दींना ठाऊक होती. इ. स. च्या पहिल्या शतकात ग्रीक-रोमन व्यापारी जुलैच्या सुमारास इजिप्तहून निघत व हिवाळी वाऱ्यांबरोबर परतत. कल्याण बंदर त्यांना परिचित होते. तेथून घाट चढून येणारा मार्ग कार्ल्याजवळून जाई. कार्ल्याच्या चैत्यगृहातील काही स्तंभांवर धेनुकाकट येथील यवनांच्या देणग्यांचे लेख कोरलेले आहेत. सहलीस येणाऱ्या विद्यार्थ्यांना शिक्षकांनी ते अवश्य दाखवावेत.