घराची झडती आणि हातातला फोन

आपण दार लावून घरात बसतो. परका माणूस विचारल्याशिवाय आत येत नाही. सरकारी अंमलदारालाही मनाला येईल तेव्हा आपली पेटी उघडता येत नाही. ही गोष्ट आज साधी वाटते. पण तिच्यासाठी लोकांना फार झगडावे लागले आहे.

अमेरिकेचेच पाहा. अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी तेथील वसाहतींवर इंग्रजांचे राज्य होते. बाहेरून येणाऱ्या मालावर इंग्रज जकात घेत. काही व्यापारी ती चुकवीत. म्हणून जकातीच्या अंमलदारांना राजाच्या नावाचा परवाना मिळे. त्यावर ना घरमालकाचे नाव, ना मालाचे. परवाना दाखवला, की शिरा कोणाच्याही घरात आणि फोडा पेट्या!

१७६१ साली बोस्टन शहरात जेम्स ओटिस नावाचा वकील या परवान्याविरुद्ध कोर्टात उभा राहिला. ज्या घराचा संशय असेल, त्याच घराची झडती घ्या, सरसकट सगळ्यांची नको, असे त्याचे म्हणणे होते. ओटिस हरला. पण ते भाषण जॉन अ‍ॅडम्स नावाचा तरुण ऐकत होता. तोच पुढे अमेरिकेचा दुसरा अध्यक्ष झाला. क्रांतीची ठिणगी त्या दिवशी पडली, असे तो म्हातारपणी सांगे.

१७७६ साली वसाहतींनी स्वातंत्र्य जाहीर केले. पण राजा गेला म्हणून लोक गाफील राहिले नाहीत. आपले सरकारही उद्या तसेच वागले तर? म्हणून १७९१ साली त्यांनी घटनेत कलम घातले. झडतीचे कारण शपथेवर सांगा. कोठे शोधणार, काय घेणार, ते लिहा. मगच वॉरंट मिळेल.

आता फोनकडे या. पूर्वी पेटीत असे ते सारे आज फोनमध्ये असते. पत्रे, फोटो, पैशांचा हिशेब, दुखण्याचे कागद. मग पकडलेल्या माणसाचा फोन पोलिसांनी तसाच उघडावा काय? २०१४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, एरवी आधी वॉरंट आणा. त्या निकालात ओटिसच्या भाषणाची आठवण काढली आहे. हरलेला माणूस २५३ वर्षांनी कामाला आला!

आपल्याकडेही असेच घडले. आधारच्या प्रश्नावर निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी सर्वोच्च न्यायालयात गेले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले, की खासगीपणा हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क आहे. सरकारला त्यात हात घालायचा असेल, तर कायदा हवा, योग्य कारण हवे आणि गरजेपुरतेच घ्यायला हवे.

मंडळी, हक्क कागदावर आला. पण तो मागायचा कोणी? आपणच. कोणी आधारचा आकडा मागेल, यंत्रावर अंगठा ठेवायला सांगेल, तेव्हा विचारा : तुम्ही कोण? हे कशासाठी? एवढे सगळे लागतेच का? विचारायला भिऊ नका. यंत्रावरची अक्षरे आधी वाचा. वाचता येत नव्हते तेव्हा आपण सांगतील तेथे अंगठा उठवीत होतो. आता वाचता येते. वाचल्याशिवाय अंगठा देऊ नका.