चारशे डॉलरला नेमकं काय विकलं गेलं?

१९८४ साली अमेरिकेतल्या ‘व्हॅनिटी फेअर’ मासिकाने लिन गोल्डस्मिथ या छायाचित्रकार बाईंच्या एका फोटोपोटी ४०० डॉलर मोजले. फोटो गायक प्रिन्सचा, कृष्णधवल, १९८१ मध्ये त्यांच्याच स्टुडिओत काढलेला. गंमत अशी, की हे पैसे फोटो छापण्यासाठी नव्हतेच! एका चित्रकाराने तो समोर ठेवून चित्र काढायचं. ते चित्र मासिकात एकदा पूर्ण पानभर आणि एकदा पाव पानात छापायचं. मूळ फोटो कुणाचा ते नाव द्यायचं. ४०० डॉलरमध्ये एवढंच.

तो चित्रकार होता अँडी वॉरहॉल. गोल्डस्मिथबाईंना पत्ताही नव्हता, पण त्याने त्या एका फोटोवरून १६ चित्रं करून ठेवली. १९८७ मध्ये वॉरहॉल गेला, २०१६ मध्ये प्रिन्स गेला. प्रिन्सवरच्या खास अंकाच्या मुखपृष्ठासाठी ‘व्हॅनिटी फेअर’च्या मालक कंपनीने त्या १६ पैकी नारिंगी चित्र घेतलं आणि वॉरहॉलच्या नावाने चालणाऱ्या प्रतिष्ठानला १०,००० डॉलर दिले. गोल्डस्मिथबाईंना एक छदाम नाही, अंकात नावही नाही. प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि मे २०२३ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी निकाल त्यांच्या बाजूने लागला. वॉरहॉलने ती चित्रं काढली हे चूक की बरोबर, यात न्यायालय शिरलंच नाही. प्रिन्सवरच्या लेखासोबत छापायला मासिकाला प्रिन्सची प्रतिमा विकणं हा गोल्डस्मिथबाईंचाही धंदा. तोच व्यवहार प्रतिष्ठानने त्यांना वगळून केला, इतकाच मुद्दा धरला.

एका क्लिकमधून जन्मलेल्या वस्तूचे किती बारीक तुकडे पाडून विकता येतात, हे बघून मी तरी थक्क होतो. जमीन नावावर एकाच्या, खंडाने दुसऱ्याकडे आणि वहिवाटीची वाट तिसऱ्याची असावी, तसंच हे. पोस्टकार्डासाठी एकाला, पुस्तकाच्या वेष्टनासाठी दुसऱ्याला, फक्त जर्मनीत आणि फक्त वर्षभरासाठी तिसऱ्याला, आणि तरी मालकी जागच्या जागी. फ्रेम करून भिंतीवर लावलेली प्रत तुमची असते. तिच्या प्रती काढून विकायचा हक्क त्या प्रतीबरोबर येत नाही.

मुळात फोटोला असा हक्क असतो का, हाच एकेकाळी वाद होता. यंत्राने समोरचं टिपलं, त्यात माणसाने काय केलं? १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या नेपोलियन सॅरोनी यांनी तरुण ऑस्कर वाइल्डचे फोटो काढले. एका छापखान्याने त्यातल्या एकाच्या ८५,००० प्रती परस्पर छापल्या. खटला झाला आणि १८८४ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की वाइल्डला कसं बसवायचं, कपडे कोणते, पडदा कुठला, उजेड कुठून, हे सगळं सॅरोनींच्या डोक्यातून आलंय. म्हणून हा फोटो त्यांची निर्मिती आहे.

आपल्याकडचा कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यातही फोटो काढणारा हाच त्या फोटोचा कर्ता. पण पुढच्या एका कलमात अशी मेख आहे, की ऐकून लग्नाचे फोटोग्राफर दचकतात. कुणी पैसे देऊन, सांगून फोटो काढून घेतला आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा! म्हणजे अंतरपाट दूर होतानाचा तो सुरेख क्षण टिपला फोटोग्राफरने, पण मालकी ऑर्डर देणाऱ्या वधूपित्याची. तोच फोटो स्टुडिओच्या काचेत किंवा इन्स्टाग्रामवर जाहिरातीसाठी लावायचा, तर आधी त्यांना विचारायला हवं. वर्तमानपत्रात नोकरी करणाऱ्याचं आणखी निराळं: वेगळा करार नसेल तर वर्तमानपत्र-मासिकात छापण्यापुरती मालकी मालकाची, बाकी सगळी फोटोग्राफरची. नोकरीत काढलेल्या फोटोंचं पुढे पुस्तक किंवा प्रदर्शन करता येतं ते या तरतुदीमुळे, आणि हे कित्येक वृत्तछायाचित्रकारांनाच ठाऊक नसतं.

मला सर्वांत आवडतं ते कायद्याने मौनाचा लावलेला अर्थ. हक्क द्यायचा तो लेखी. पण त्या कागदावर मुदत लिहायची राहिली, तर मुदत पाच वर्षं. प्रदेश लिहायचा राहिला, तर फक्त भारत. घेणाऱ्याने वर्षभर तो हक्क वापरलाच नाही, तर करारात उलट लिहिलेलं नसल्यास तो आपोआप संपतो. कर्त्याचं नाव लावायचा आणि फोटोची विटंबना रोखायचा हक्क तर मालकी विकल्यावरही कर्त्याकडेच राहतो. आणि २०१२ च्या दुरुस्तीने फोटोला एकदाचं पुस्तकाच्या पंगतीत बसवलं: आधी प्रसिद्धीपासून ६० वर्षं संरक्षण होतं, आता कर्त्याच्या हयातीत आणि त्यापुढे ६० वर्षं.

फोटोत जे दिसतं त्याचेही हक्क असतात. चौकातल्या पुतळ्याचा फोटो आपला कायदा खुशाल काढू देतो. पॅरिसचा आयफेल टॉवर दिवसा टिपून विका, हरकत नाही. रात्रीचा मात्र व्यवसायासाठी छापायचा तर परवानगी लागते, कारण तिथली रोषणाई ही स्वतंत्र कलाकृती मानली जाते. माणसांच्या बाबतीत तर जपूनच: बाजारात भाजी विकणाऱ्या मावशींचा फोटो बातमीसोबत छापणं वेगळं आणि मसाल्याच्या पाकिटावर छापणं वेगळं. पाकिटासाठी त्यांची लेखी संमती आधी घ्यावी.

‘गुगलवरून घेतला’ हे काही मालकाचं नाव नव्हे, हे वाढदिवसाचे फ्लेक्स आणि दिवाळी अंक छापणाऱ्यांनी एकदा नीट ध्यानात घ्यावं. आणि तुम्ही स्वतः फोटो विकत असाल, तर पुढच्या बिलावर रकमेखाली चार गोष्टी लिहाच: कोणता फोटो, कुठे वापरायचा, किती काळ, आणि नाव कसं छापायचं. घेणाऱ्याची सहीही तिथेच घ्या.