नळीतले अन्न
(जीवनाधार आणि मरणाचा अधिकार : लेखांक सातवा)

आगाऊ वैद्यकीय निर्देशाचा मसुदा कलमवार उलगडून दाखविण्याचे जे वचन मी गेल्या आठवड्यात दिले होते, ते आज पाळीत नाही. त्यास कारण झाले आहे सांगलीच्या एका वाचक भगिनींचे पत्र. त्यांच्या सासूबाई स्मृतिभ्रंशाच्या अखेरच्या अवस्थेत आहेत. घास तोंडातच राहतो, गिळताना ठसका लागतो, आणि डॉक्टरांनी नाकातून नळी घालण्याचे सुचविले आहे. थोरले दीर म्हणतात, नळी नाकारणे म्हणजे आईला उपाशी मारणे. भगिनी विचारतात, "व्हेंटिलेटर काढण्याविषयी आपण लिहिलेत ते पटले, पण जेवण बंद करणे त्यातच मोडते काय?" हा प्रश्न मला इतकी वर्षे छळीत आला आहे की त्याला मसुद्याच्या एखाद्या पोटकलमात कोंबणे माझ्याने होणार नाही.

कायमच्या बेशुद्धीत गेलेल्या कॅरेन क्विन्लनची हकीकत मी तिसऱ्या लेखांकात सांगितली. पण तिचा उत्तरार्ध मुद्दामच राखून ठेवला होता. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने ३१ मार्च १९७६ रोजी श्वसनयंत्र काढण्याची मुभा दिली, यंत्र निघाले, आणि आता सर्व संपेल असे धरून चाललेल्या मंडळींच्या देखत ती मुलगी आपली आपण श्वास घेत राहिली. ती वारली ११ जून १९८५ रोजी, म्हणजे नऊ वर्षांनंतर, आणि तोवर तिचे पोषण नळीवाटे चालू होते. ज्या श्रद्धाळू पित्याने यंत्र काढण्यासाठी न्यायालयाच्या पायऱ्या झिजविल्या, त्याने ती नळी काढण्याची मागणी कधीच केली नाही, कारण ते तिचे अन्न आहे अशी त्याची धारणा होती. सांगलीचे थोरले दीर आणि अमेरिकेतला तो कॅथलिक बाप एकाच जागी उभे आहेत; आणि अन्नाला ब्रह्म मानणाऱ्या, मरणाऱ्याच्या मुखात गंगाजल आणि तुळशीपत्र घालणाऱ्या आपल्या समाजाला ती जागा परकी वाटण्याचे काही कारण नाही.

न्यायालये मात्र त्या जागेवर फार काळ थांबली नाहीत. इंग्लंडमधील हिल्सबरो फुटबॉल मैदानावर १५ एप्रिल १९८९ रोजी जी चेंगराचेंगरी झाली, तीत मेंदूचा प्राणवायू तुटून टोनी ब्लॅंड हा अठरा वर्षांचा तरुण कायमचा बेशुद्ध झाला. त्याला श्वसनयंत्र नव्हतेच. होती ती केवळ नळी. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने फेब्रुवारी १९९३ मध्ये असे ठरविले की नळीने पोषण करणे हा वैद्यकीय उपचाराचाच भाग आहे, आणि रुग्णाच्या हिताचा न राहिलेला उपचार चालू ठेवण्याचे बंधन वैद्यावर नाही. त्याच्या तीन वर्षे आधी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर अपघातानंतर बेशुद्ध राहिलेल्या नॅन्सी क्रूझनचे प्रकरण गेले होते. तेथेही नळीला निराळे स्थान देण्यास बहुमत तयार झाले नाही, मात्र रुग्णाची इच्छा स्पष्ट आणि खात्रीलायक पुराव्याने शाबीत करण्याची अट घालण्यास राज्याला मोकळीक मिळाली. तसा पुरावा नंतर उभा राहिला, नळी काढली गेली, आणि २६ डिसेंबर १९९० रोजी ती गेली. आईबापांनी तिच्या थडग्यावर जन्माच्या तारखेनंतर दोन तारखा कोरविल्या : एक ११ जानेवारी १९८३ ही अपघाताची, त्या दिवशी ती निघून गेली अशा अर्थाची, दुसरी शांत झाल्याची.

येथे थोडे विषयांतर करतो. आपल्या रुग्णालयांतून सर्रास जिला राईल्स ट्यूब म्हणतात, ती नळी लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलातील जॉन राईल यांनी १९२१ च्या सुमारास वापरात आणली ती जठरातील रस तपासणीसाठी बाहेर काढण्याकरिता. आणि पोटाला छिद्र पाडून थेट जठरात बसविण्याची जी नळी आज वृद्धांना सर्वत्र बसविली जाते, ती १९७९ साली क्लीव्हलंड येथे प्रथम बसविली गेली ती एका बालकाला. मरणोन्मुख म्हाताऱ्यांसाठी म्हणून या दोहोंपैकी एकही जन्माला आली नाही. सोय हाताशी आली आणि तिचे कर्तव्य झाले.

आता आपल्या घरचे उदाहरण. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेल्या अरुणा शानबाग यांच्या वतीने पत्रकार पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात जो अर्ज केला, त्यात मागणी होती ती अन्न थांबविण्याचीच. पण त्यांना भरविले जाई ते बहुतांश वर्षे तोंडाने, कुस्करून. मासळी आणि कोंबडीचे सूप दिले की चेहऱ्यावर समाधान उमटते, असे रुग्णालयाने आपल्या कैफियतीत नमूद केले होते. सप्टेंबर २०१० मध्ये, बहुधा हिवतापाने, ताप आल्यावर खाणे घटले आणि नळी आली, तरीही थोडेबहुत मुखावाटे जातच होते. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने अर्ज फेटाळला. निष्क्रिय दयामरणाला, म्हणजे जीवनाधार काढून घेण्याला, उच्च न्यायालयाच्या परवानगीची अट घालून वाट करून दिली, आणि अरुणांच्या वतीने बोलण्याचा हक्क त्यांची शुश्रूषा करणाऱ्या रुग्णालयाच्या कर्मचारिवर्गाला दिला. निकालाचा शेवट मला मान्य आहे, पण माझे कारण वेगळे आहे : जी स्त्री चमच्याला तोंड उघडते तिचा चमचा काढून घेण्याचा अधिकार जगातील कोणत्याही न्यायासनाला, नातलगाला वा हितचिंतकाला असू शकत नाही. नळीची गोष्ट निराळी. ती परिचारिकेच्या हाताने आत सरकविली जाते आणि तिला होकार वा नकार देण्याची शक्ती रुग्णाजवळ उरलेली नसते. म्हणून तिचा हिशेब उपचाराच्या खातीच व्हावयास हवा.

पवनारचा नोव्हेंबर १९८२ आठवतो तो यासाठीच. हृदयविकाराच्या झटक्यानंतर विनोबांनी अन्न, पाणी आणि औषध ही तिन्ही एकाच निश्चयाने दूर सारली. ते शुद्धीवर होते, स्वतः बोलू शकत होते, म्हणून त्यांच्या नाकात कोणी नळी घातली नाही.

सांगलीच्या सासूबाई बोलू शकत नाहीत; तेव्हा वैद्यकशास्त्र काय सांगते ते पाहू. स्मृतिभ्रंशाच्या या टप्प्यावर नळीने आयुष्य वाढते किंवा न्यूमोनिया टळतो असे आढळलेले नाही, आणि म्हणून अमेरिकेतील वृद्धवैद्यकांच्या संघटनेने अशा रुग्णांना नळी न घालता हाताने, सावकाश, त्यांना झेपेल तेवढेच भरविण्याची शिफारस केली आहे. उलट नळी उपटली जाऊ नये म्हणून म्हातारीचे हात खाटेला बांधण्याचा प्रसंग येतो. शरीर आवराआवर करू लागले की भूक आणि तहान मंदावत जाते. अन्न थांबले म्हणून मरण येत नाही, मरण जवळ आले म्हणून अन्न थांबते; दीर कार्याला कारण समजत आहेत. अर्धांगाच्या झटक्यानंतर, गिळण्याची शक्ती परत येण्याचा संभव असताना, हीच नळी जीवदान ठरते, आणि तेथे ती नाकारणे मी मूर्खपणाचे समजेन. पण ज्या ठिकाणी असा संभव नाही, त्या ठिकाणी नळीला नकार देणारी सून सासूला उपाशी ठेवीत नाही. तिने ओठ ओले करावेत, तोंड स्वच्छ ठेवावे, मागितला तर मऊ भाताचा घास द्यावा. दिरांना हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकवावे. भावजयीच्या तोंडून ते त्यांना पटणार नाही.

मसुदा पुढील आठवड्यात, नक्की. दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या सुधारित तरतुदी त्यात सविस्तर येतीलच. तोवर वाचकांनी घरातील वडीलधाऱ्यांना, ते धडधाकट आहेत तोच, नाकातील नळीविषयी विचारून ठेवावे, आणि त्यांचे जे उत्तर येईल ते व्हेंटिलेटरच्या कलमात न मिसळता स्वतंत्र ओळीत लिहून घ्यावे.